दुसऱ्या बेसवरची ताई

ताईच्या मुलीच्या नव्या ग्लोव्हला तेल लावताना कातड्याचा वास नाकात भरला आणि मी लाखनीच्या त्या मैदानावर जाऊन पोचले.

राज्याच्या बेसबॉल संघासाठी निवडीचा सामना होता. ताई दुसऱ्या बेसवर उभी होती. त्याच दुपारी तिला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून बाबा तिला न्यायला आले होते. तेवढ्यात जोरात मारलेला चेंडू टणक जमिनीवरून उसळून तिच्या उघड्या हातावर आदळला. करंगळी वाकडी झाली. तरी त्याच हाताने तिने चेंडू पहिल्या बेसवर फेकला आणि धावणारी मुलगी बाद झाली.

बाबा धावत गेले. "बोट मोडलं न तुयं! चाल घरी."

"थांबा न बाबा, आता एकच गडी बाद कराचा आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची कड फाडून तिचं बोट बांधलं आणि रेषेबाहेर उन्हात जाऊन बसले. पाहुणे वाट पाहून परत गेले.

ताई निवडली गेली, पुढे बरीच वर्षं राज्याकडून खेळली. तेव्हा मला फक्त तिचं धाडस दिसलं होतं. आता मात्र बाबाच दिसतात, खेळातलं काहीही कळत नसताना शेजारी बसलेल्याला "आमची पोरगी आहे थे" म्हणून सांगणारे.