पडवीतला मॅलिस

किस्से जमवायला कुणी बसत नाही. तीच चार माणसं ठरलेल्या वेळी वर्षभर भेटत राहिली की ते आपोआप साठतात, माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे. माझ्याकडचे सगळे किस्से एकाच विषयावरचे निघाले, याला मात्र मी जबाबदार नाही.

मी हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले तेव्हा नागावातल्या होमस्टेवाल्यांनी गळ घातली, "बाई, पाहुण्यांच्या रिव्ह्यूला उत्तर देण्यापुरतं इंग्लिश शिकवा." 'थँक यू, प्लीज कम अगेन' पहिल्याच आठवड्यात संपलं. मग लोक वाईट रिव्ह्यू घेऊन यायला लागले, आणि आमचा क्लास माणसांच्या दुष्टाव्यावर जो आला तो तिथेच मुक्काम करून राहिला!

दुपारी पाहुण्यांचं चेकआउट झालं की माझ्या पडवीत चौघं जमतात. प्रमोद, पूर्वी रिक्षा चालवायचा, आता दोन खोल्या चालवतो. रशीदभाई, मूळ मुरुडचे, अठरा वर्षं गल्फमध्ये काढून आता इथे समुद्रावर बनाना राइड चालवतात. आणि सुलभा व नंदा, सख्ख्या जावा. एकाच वाडीचे दोन भाग, मध्ये कुंपण, दोन्हीकडे होमस्टे. वादळाच्या वर्षापासून दोघींचा अबोला आहे. पडवीच्या दोन टोकांना बसतात आणि एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतात.

* * *

पहिला रिव्ह्यू प्रमोदच्या कोंबड्यावर आला. पाहुण्यांनी लिहिलं होतं की ओनरचा कोंबडा मॅलिशियस आहे, तीन दिवस पहाटे फक्त त्यांच्याच खिडकीखाली येऊन आरवला.

मी समजावलं, "मॅलिसला हेतू लागतो. दुसऱ्याचं वाईट व्हावं अशी मनापासून इच्छा लागते. कोंबडा हॉस्टाइल असू शकतो, म्हणजे अंगावर धावून येईल. पण मॅलिशियस नाही. ते माणसाचं काम."

प्रमोदने बराच विचार केला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी त्याला वळखत न्हाय."

* * *

स्पाइट शिकवायला मला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. मी म्हटलं, "मॅलिस मोठा असतो, स्पाइट बारका. पण स्पाइटमध्ये माणूस दुसऱ्याला त्रास देताना स्वतःचंही नुकसान करून घेतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही."

"म्हंजी माझा काका," प्रमोद म्हणाला.

काकांच्या कलमाची एक फांदी शेजाऱ्याच्या अंगणात गेली होती. आंबे तिकडे पडत. काकांनी फांदी तोडली नाही, अख्खं कलम तोडलं. चांगला हापूस! मी विचारलं, "मग आता आंबे कुठले खातात?"

"शेजारी पाठवतो ना. त्याने सोताचं कलम लावलं. दर वर्षी पयली पेटी काकाला." आणि वर, "त्याचाबी स्पाइटच ना, बाई?"

मी फुल मार्क दिले.

* * *

रशीदभाईंना हे फरक आधीच माहीत होते. "आमच्यात हसद वेगळा, कीना वेगळा," ते म्हणाले. "हसद म्हंजे तुमच्याकडचं जावं, मग मला मिळो न मिळो. कीना म्हंजे दिलात दाबून ठेवलेलं. इंग्लिशमध्येपण असंच हाय, पण ते लिहायला जाऊ नये."

कारण त्यांनी एकदा लिहिलं होतं. गल्फमध्ये बहिणीच्या निकाहासाठी रजा हवी होती. अर्ज सुपरवायझरला डावलून वर मॅनेजरकडे द्यायचा, म्हणजे सुपरवायझरचा गैरसमज नको. म्हणून त्यांनी पत्रलेखनाच्या पुस्तकातून शब्द काढून सुरुवातीलाच लिहिलं, की सुपरवायझरसाहेबांविषयी माझ्या मनात कसलाही मॅलिस नाही, ग्रज नाही, अ‍ॅनिमॉसिटी म्हणजे वैर नाही आणि रँकर, म्हणजे मुरलेली कटुता, तर मुळीच नाही.

"मग रजा मिळाली?"

"मिळाली. आणि परत आलो तर दुसऱ्या साइटवर बदली! मॅनेजर बोलला, एवढं सगळं न्हाय म्हणणारा माणूस मी आयुष्यात पयल्यांदा बघितला."

* * *

ग्रजला मी घाबरूनच हात घातला. समोर दोन तज्ज्ञ बसलेल्या! वादळात सुलभाच्या चार पोफळी नंदाच्या स्वयंपाकघरावर पडल्या होत्या. नंदा म्हणाली होती, "तुमची झाडंसुद्धा आमच्याच अंगावर." सुलभा म्हणाली होती, "वाऱ्याला आम्ही सांगून पाठवलं नव्हतं." बस, एवढंच. दोघी रडत होत्या, दोघींची घरं उघडी पडली होती. हे सगळं मी गावाकडून ऐकलेलं, पण मला आजही दोघींबद्दल वाईट वाटतं.

मी सांगितलं, "ग्रज म्हणजे मनातली अढी. तो जुना असतो. त्यातून लगेच काही करायचं नसतं, तो नुसता जोपासायचा असतो."

"म्हणजे रोज शिंपणं आलं," सुलभा म्हणाली.

नंदा बाहेर बघत म्हणाली, "बाई, त्यांना विचारा, खत कुठलं घालतात."

अबोल्यातही मोठ्या जावेला 'त्यांना'! सहा वर्षांत एकदाही 'तिला' नाही.

* * *

मग अबोल्यालाच इंग्रजी शब्द विचारला गेला. मी 'सायलेंट ट्रीटमेंट' म्हटलं. दोघींनी तो नापास केला. ते म्हणे नवराबायकोचं, दोन दिवसांचं. अबोल्याला पद्धत असते. विहिरीचा पंप सामाईक आहे. सुलभाचं शिंपून झालं की ती कळशीवर पळी वाजवते, मग नंदा पाण्याचा व्हॉल्व्ह आपल्याकडे फिरवते. गौरीला घावन-घाटलं केलं की झाकून कुंपणाच्या दगडावर ठेवायचं आणि पाठ फिरवायची.

"अहो, मग यात इल विल, दुसऱ्याचं वाईट चिंतणं, आहे कुठे?" मी वैतागून विचारलं.

"आहे!" दोघी एकदम म्हणाल्या.

याला एकमेकींशी बोलणं धरायचं की नाही, यावर उरलेला तास गेला.

* * *

मागच्या हिवाळ्यात सुलभाला एक स्टारचा रिव्ह्यू आला. फोटो नाही, नाव धड नाही. मासे शिळे, चादरी मळक्या, चुकूनही जाऊ नका. नाताळच्या आठवड्याची दोन्ही बुकिंग रद्द झाली. तिचं घर होमस्टेच्या दोन खोल्यांवरच चालतं. क्लासला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

उत्तर लिहायला मी पाटीवर चार शब्द मांडले: मॅलिस, स्पाइट, ग्रज, अ‍ॅनिमॉसिटी. "यातला कुठला घालायचा?"

"लिहिणारं कोण ते कळल्याशिवाय शब्द कसा निवडू, बाई?" ती म्हणाली. पडवीच्या दुसऱ्या टोकाकडे तिने पाहिलं नाही. आम्ही बाकीच्यांनी पाहिलं. नंदा पाटीवरचे शब्द वहीत उतरवून घेत होती. मलाही शंका आली, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी उत्तर लिहिलंच गेलं नाही.

पुढच्या क्लासला प्रमोद फोन नाचवतच आला. सुलभाच्या होमस्टेवर नवा रिव्ह्यू होता. वर नंदाचं नाव, नंदाचा फोटो. इंग्रजी तिचं स्वतःचं, चुकांसकट. मराठीत सांगायचं तर असं:

'मी शेजारी राहते. या बाईंवर माझा ग्रज आहे. वादळापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. पण त्याआधी बारा वर्षं त्यांच्या हातचं जेवले आहे. मासे रोज सकाळी ताजे येतात. चादरी प्रत्येक पाहुण्यानंतर धुतात, दोरी माझ्या खिडकीतून दिसते. खालचा रिव्ह्यू मॅलिस आहे. माझा ग्रज आहे. दोन्हींत फरक आहे.'

स्टार चार.

सुलभाने फोन हातात घेतला, दोनदा वाचलं, डोळे पुसले, पुन्हा वाचलं. मी सवयीने निरोप पोचवायला सरसावून बसले.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नंदा," ती म्हणाली, "पाचवा कुठाय गं?"