खिडकीत ठेवलेला लाडू

माझ्या तळहातांना घाम यायचा. उन्हाळ्यात सगळ्यांना येतो तसा नव्हे. ऐन थंडीत, सावलीत, नुसतं बसल्या बसल्या. वहीवर हात टेकला की शाई फुटायची. लहानपणी मला त्याची गंमत वाटे, पण मी मोठी झाले तशी आईची झोप उडाली. "लग्नात नवऱ्याच्या हातात हात द्या लागते पोरी," ती म्हणायची, "अन् तुहा हात त गळून राह्यला." मग इलाज सुरू झाले. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायचं, वर मुलतानी माती चोळायची. शेवटी कोणीतरी बाभळीच्या सालीचा काढा सांगितला. त्यानं घाम थांबला नाही, हात मात्र महिनाभर तपकिरी राहिले.

मॅट्रिक होऊन मी आर्वीहून वर्ध्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आले. तिथं रोज दोन तास सूतकताई. ओल्या हातांना याहून मोठी शिक्षा नाही. कापसाचा पेळू बोटांत धरला की दमट व्हायचा, धागा तुटायचा, आणि जो निघायचा तो मळकट. कताईच्या बाई माझ्या सुताची गुंडी वर धरून विचारायच्या, "हे सूत आहे की सुतळी?" मुली हसायच्या, आणि ते हसणं ऐकलं की हातांना आणखी धार लागायची. खरं कारण मी कोणालाही सांगितलं नाही. आळशी म्हणा, ढ म्हणा, चालेल. घामट म्हणू नका. असला माझा ताठा.

शेजारच्या चरख्यावर हिंगणघाटकडची एक मुलगी बसायची. बोलायची कमी, पण सूत असं काढायची की बघत राहावं. माझे पेळू बिघडले की काही न विचारता आपले दोन माझ्या पुढ्यात सरकवायची. वसतिगृहात ती पंगतीच्या टोकाला बसे. तिला तिथं बसायला कोणी सांगितलं नव्हतं, पण 'इकडे ये' असंही कोणी म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

छप्पन साली तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दिवाळीच्या सुटीनंतर ती परतली ती ताठ मानेनं. आल्या दिवशीच तिनं डबा उघडला आणि रव्याचे लाडू एकेकीच्या हातावर ठेवत निघाली. आमच्या गावात तिच्या लोकांच्या हातातली वस्तू कोणी हातात घेत नसे. 'तिथं ठेव' म्हणायचं, आणि माणूस बाजूला झाला की उचलायची. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. म्हणूनच ती हातात देत होती.

काहींनी घेतला, काहींना अचानक उपास आठवला. मग ती माझ्यासमोर आली, हसत. मी घेणारच, याची तिला खात्री होती. माझे हात निथळत होते. सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. लाडू हातात भिजेल, सगळ्यांना दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हात पदराखाली घेतले आणि म्हणाले, "तिथं खिडकीत ठेवून दे."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलून बसले. तिनं लाडू खिडकीत ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली. मी नुसता तळहात पुढे करून दाखवला असता तरी निभावलं असतं. नाही दाखवला. तिनं मला शिवाशीव पाळणारी समजावं हे मला चाललं, पण माझा घाम कोणाला दिसायला नको होता! लाडू मी खाल्ला, पण तिच्या देखत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपला चरखा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

नोकरी लागल्यावर मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, झोपेत घाम येतो का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग घाबरायचं कारण नाही. काहींच्या घामाच्या ग्रंथी मनाचं जरा जास्तच ऐकतात. लाजलात की येणार, आणि येईल म्हणून भ्यालात की दुप्पट येणार." त्यांनी ॲल्युमिनियमच्या क्षाराचं पाणी दिलं. झोपताना कोरड्या हातांना लावायचं, सकाळी धुवायचं. हात चुरचुरायचे, पण तीन-चार आठवड्यांत वही कोरडी राहू लागली. निघताना त्या म्हणाल्या, "आणि लपवू नका. सांगून टाकलं तरी निम्मा त्रास कमी होतो."

सांगण्यासारखं एकच माणूस होतं. ती वडनेरजवळच्या एका शाळेत शिकवत होती. रविवारी मी एसटीनं तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं: हातांचा घाम, आईचे इलाज, डॉक्टरीणबाई, त्या दिवशीची लाज. तळहात पालथे-उताणे करून दाखवले. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.



"घामाचं त मले पयल्या दिवसापासून मालूम होतं," ती म्हणाली. "बाजूलेच बसत होती ना मी. पेळू काऊन देत होती तुले?"

मी पुढे केलेले हात मागे घेतले.

"पण त्याच दिवशी, माह्या आंधी, त्या देशमुखाच्या पोरीनं चिवडा वाटला. तवा तू हात लुगड्याले पुसला अन् पुढं केला. माह्या लाडवाच्या वक्ती काऊन नाई पुसला वं?"

मी आठवून पाहिलं. चिवडा मी घेतला होता. हात पुसून, हसत.