रात्री झोपणारा मोडेम

पुण्यात कडक बायकांना तोटा नाही, पण इंटरनेटला शिस्त लावलेली बाई मी एकच पाहिली, आणि ती आमच्या समोरच्या दारात राहत होती. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एका दारामागे मी आणि माझी मुलगी, दुसऱ्या दारामागे काकू. काकू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सून खराडीला. मुलानं फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं, तेव्हा आई निवांत गाणी ऐकत बसेल असं त्याला वाटलं असणार. काकूंनी मात्र तो पांढरा डबा समोर ठेवून आधी त्याचा अभ्यास केला, आणि त्याची सगळी प्रकृती समजल्यावर इमारतीतल्या आम्हा सर्वांचा वर्ग घ्यायला सुरुवात केली.

"मोडेम कुठला आणि राऊटर कुठला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुरुस्तीला आलेल्या माणसालाही तो दारातच विचारला जाई, आणि उत्तर बरोबर आलं तर पाण्याबरोबर वडी मिळे. एकदा एकजण म्हणाला, "काकू, दोन्ही एकच असतं हो." झालं. "बाहेरून तारेतून जे येतं ते घराला समजेल असं करून देतो तो मोडेम. मग ते घरात ज्याचं त्याला पोचवतो तो राऊटर. हल्ली दोघं एका डब्यात राहतात, इतकंच. मी आणि आमचे हे जन्मभर एका घरात राहिलो, म्हणून काय एक झालो?" तो बिचारा डबा दुरुस्त करून वडी न घेताच गेला. माझी मुलगी एकदा तक्रार घेऊन गेली, की आजी, आमचा प्लॅन एवढा मोठा आणि तरी चित्र अडकतं. काकू म्हणाल्या, "रस्ता रुंद असणं वेगळं आणि गाडी वेळेवर पोचणं वेगळं. स्वारगेटला रस्ता काय अरुंद आहे?" मुलगी इंजिनिअरिंग शिकत होती, पण हे इतक्या थोडक्यात आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं असं तिनं घरी येऊन कबूल केलं.

डब्यातून निघणाऱ्या दोन वायफायांबद्दल काकू वर्गातल्या दोन मुलींबद्दल बोलावं तसं बोलत. पाच गिगाहर्ट्झची हुशार पण नाजूक, मध्ये भिंत आली की रुसणारी. दोन पॉइंट चारची जरा संथ पण कष्टाळू, थेट मोरीपर्यंत जाणारी. "मला आयुष्यात दुसऱ्या प्रकारच्या मुलींनीच साथ दिली," असं वर म्हणत. नेटवर्कचं नाव त्यांनी 'विचारून वापरा' असं ठेवलं होतं, आणि विचारलं तरी पासवर्ड सरळ हाती पडत नसे. "पाण्याचं रासायनिक सूत्र, त्याला जोडून शनीच्या पलीकडचा ग्रह. स्पेलिंग चुकू नये." एकदा आमचं नेट बंद होतं तेव्हा आमच्याकडे उतरलेले एक चांगले शिकलेले पाहुणे शनीपाशीच अडले आणि शेवटी गच्चीत जाऊन मोबाइलवर काम करत बसले. काकूंच्या बहिणीनं हौसेनं डब्यावर घालायला लोकरीचं झाकण विणून आणलं, तर ते तिच्याच हातात परत गेलं. "त्याला आधीच गरम होतं. तू मे महिन्यात स्वेटर घालतेस का?" बहीण पुढे वर्षभर काही विणताना दिसली नाही.

डबा घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा, म्हणजे लहरी चहूकडे सारख्या पसरतात, हेही काकूंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शोकेसच्या वर फळी ठोकून त्याला तिथं बसवलं होतं, बटणही तिथंच वर. आणि इतकं सगळं बिनचूक समजलेल्या या बाई रोज रात्री तो चक्क बंद करत. गॅस, गीझर, मोडेम असा झोपण्यापूर्वीचा क्रम. सकाळी दुधाची पिशवी आत घेतली की स्टुलावर चढून बटण दाबायचं, आणि सगळे दिवे हिरवे झाले की मगच दूध तापत ठेवायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, हा चोवीस तास चालू ठेवायचा असतो." "तुमचं ऑफिस असतं का चोवीस तास?" मीसुद्धा पुष्कळदा सांगून पाहिलं, की काकू, या वयात रोज स्टुलावर कशाला चढता, राहू दे की चालू. त्या शांतपणे म्हणत, "त्यालाही झोप लागते." मोठ्या विदुषीच्या ज्ञानात एखादा खड्डा असायचाच, असं म्हणून मी आणि मुलगी हसत असू.

काकूंचं आणि मुलाचं भांडण एकच होतं. त्याला आई खराडीला हवी होती आणि आईला पेठ सोडायची नव्हती. "एकटी असतेस, काही झालं तर मला कळणार कसं? निदान रोज सकाळी एक फोन तरी करत जा," असं तो माझ्यासमोरच म्हणाला. काकू म्हणाल्या, "जन्मभर मी हजेरी घेतली. आता या वयात रोज उठून तुला हजर म्हणू?" पण एकदा जरी काही झालं आणि कळायला उशीर झाला, तर काकूंची पेठ कायमची सुटणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

श्रावणात एका सकाळी मी चहा गाळत असताना त्याचा फोन आला. "ताई, आईकडे जरा बघता का? तिचा राऊटर अजून सुरू झालेला नाही, आणि ती फोनही उचलत नाहीये." मला आधी काही समजेना, पण त्याचा आवाज ऐकून मी गाळणं तसंच टाकलं आणि काकूंची माझ्याकडे असलेली किल्ली घेऊन धावले. काकू शोकेसपाशी जमिनीवर बसल्या होत्या. स्टूल कलंडलेलं, पाऊल सुजलेलं, फोन स्वयंपाकघरात वाजत होता. मला पाहून म्हणाल्या, "आलीस? आधी तो मोडेम लाव. मुलगा तिकडून निघाला असेल, नगर रोडला अडकेल उगीच."

पावलाला बर्फ लावताना मी विचारलं, "काकू, तो रोज बघतो हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यानं मोबाइलमध्ये ते ॲप घेतलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. सकाळी हा डबा जागा झाला की त्याला तिकडे दिसतं."

"मग रोज बंद कशाला करायचा?"

काकूंनी माझ्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "अगं, चालूच ठेवला असता तर आज तुला कोणी पाठवलं असतं का?"

मुलगा आला, आईशेजारी जमिनीवर बसला, आणि दोघंही ॲपविषयी एक अक्षर बोलले नाहीत. खराडीचा विषयही त्यानं काढला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन फक्त ते बटण खाली हाताशी येईल असं करून गेला. त्यानंतर काकू आणखी काही वर्षं समोरच्या दारात मजेत राहिल्या, अगदी गुडघ्यांनी हात टेकेपर्यंत. आता त्या खराडीला असतात. परवा फोनवर मी विचारलं, "तिथल्या मोडेमला झोपवता की नाही?" म्हणाल्या, "छे. इथं सगळी एकाच घरात. कळवायचं कुणाला?" समोरचं दार बंद असलं की मला त्यांची फार आठवण येते.

माझी मुलगी नोकरीला बंगळूरला गेली. जाताना तिनं आमच्या डब्याचं ॲप स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं, काही बिघडलं तर तिथून बघता येईल म्हणाली. ती ते कधी उघडते की नाही, मी विचारलेलं नाही. गणपतीला आली तेव्हा रात्री मी गॅस बंद केला, गीझर बंद केला आणि मोडेमकडे वळले.

"आई, तो कशाला बंद करतेस?"

मी म्हटलं, "त्यालाही झोप लागते."