काटकोनात कापलेला चेक

माझ्या धाकट्या भावाला वाकडी कड बघवत नाही. हा गुण नाही, दुखणं आहे, आणि पन्नास वर्षं मी ते जवळून बघतेय. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग बसणार. विजेचं बिल आलं की भरायच्या आधी त्याच्या कडा कापणार. माझ्या लग्नाचा एकुलता एक मोठा फोटो असाच त्याच्या हाती लागला आणि कड सरळ करता करता माझ्या सासऱ्यांचा उजवा कान गेला. सासरे होते तोवर त्या फोटोसमोरून जाताना स्वतःचा कान चाचपून बघायचे.

सगळे त्याला बाइंडरच म्हणतात, मीसुद्धा. जिन्याखालच्या एका खोलीत त्याचं दुकान आहे. खळीचा डबा, पुठ्ठ्यांची थप्पी, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा, आणि दाराशी माझी खुर्ची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी तिथेच असते, कारण गिऱ्हाइकाकडून पैसे मागायची वेळ आली की हा पुस्तकाच्या आड तोंड लपवतो. फाटकं पुस्तक आलं की पानं शिवायची, पाठीला कापड लावायचं, दाबायचं आणि शेवटी पट्टी धरून सुरीनं तिन्ही कडा कापायच्या. तीस वर्षं कापून कापून त्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "सुरी सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी शर्टाचं बटण लावता येणार नाही."

सुरी सोडायची म्हणजे धंदाच सोडायचा. चुलतभावानं लगेच त्याच्यासाठी एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली. येणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहायचे, बस्स. "बसून पगार आहे," तो म्हणाला.  त्या दिवशी बाइंडर जेवला नाही.

तेवढ्यात कळलं की मागच्या गल्लीतले प्रेसवाले आजोबा छापखाना बंद करताहेत आणि त्यांचं कटिंग मशीन विकायचंय. चाक फिरवलं की पातं खाली येतं, अंगठ्याला काही कामच नाही. भंगारवाला वजनावर रोख पैसे द्यायला तयार होता, पण आजोबा म्हणाले, "तुझ्यासाठी शनिवारपर्यंत थांबतो. रविवारी मला जागा रिकामी करून द्यायचीय." आणि देव पावावा तसा त्याच आठवड्यात कॉलेजच्या लायब्ररीचा चेक आला. चारशे पुस्तकांचे पैसे! मशीन घेऊन वर थोडे उरणार होते. सोमवारी सकाळी बाइंडरनं स्वतः जाऊन चेक बँकेच्या पेटीत टाकला. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, दोन दिवसांत पैसे जमा.

दोन दिवस! बुधवारी मी गेले. चार नंबरच्या खिडकीवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ताई, प्रोसेसमध्ये आहे." गुरुवारी सकाळी गेले. "प्रोसेसमध्ये आहे." दुपारी गेले तर जेवणाची सुट्टी. माझं डोकं असं तापलं की संध्याकाळी बाइंडरला दुकानातून उठवलं आणि हाताला धरून बँकेत घेऊन गेले.

"सोमवारी टाकलेला चेक गुरुवार संपला तरी वटत नाही?" मी खिडकीवर थाप मारली. "अहो, चालत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता! आमचं एक मशीन जातंय शनिवारी, माणसाचा धंदा जातोय, आणि तुमचं आपलं प्रोसेसमध्ये! प्रोसेस म्हणजे कुठे? कुठल्या गावाला?"

रांगेतली माणसं माझ्या बाजूनं बोलायला लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टाळीच वाजवली. मला आणखी चेव आला. बाइंडर मागून माझी बाही ओढत होता. "ताई, जाऊ दे ना. ताई, हळू."

शेवटी मॅनेजर बाहेर आले. त्यांनी इकडचे कागद हलवले, तिकडचे हलवले, आणि चार नंबरवालीच्या पाठीमागचा खण उघडला. त्यात आमचा चेक. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आमच्या मशीननं घेतला नाही हा," ते म्हणाले. "म्हणून बाजूला ठेवलाय."

"मग सांगायचं नाही?"

"पत्र पाठवणार होतो."

"पत्र! अहो, आमचं दुकान तुमच्या दारातून दिसतं!"

त्यांनी आमचा चेक काचेवर ठेवला आणि त्याच्या शेजारी दुसरा एक कोरा चेक ठेवला. आमचा चारी बाजूंनी लहान होता. खालच्या आकड्यांची ओळ तर निम्मी कापलेली. "बाई, उंदरानं कुरतडला असता तर मी समजू शकलो असतो," मॅनेजर म्हणाले. "पण हे इतकं सरळ कुणी केलं?"

मी हळूच मागे वळून बघितलं. बाइंडर फरशीकडे बघत होता.

"चेकबुकातून फाडताना एक कड खरबरीत राहिली होती गं," तो पुटपुटला. "ती कापली, तर बाकीच्या वाकड्या दिसायला लागल्या."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? चेक उचलून निघाले, तरी दारातून वळून मी मॅनेजरना ऐकवलंच, की चूक आमची, पण चार दिवस खणात झोपवून ठेवायची चूक तुमची. ते "खरंय" म्हणाले, आणि तेवढ्यावर मी बाहेर पडले.

शुक्रवारी कॉलेजात गेलो. तिथले क्लार्क भले होते. "नवीन देतो, तेव्हा हा जुना परत करा. पण सही प्राचार्यांची लागते आणि ते सोमवारी येतील." संपलंच. रस्ताभर मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र घरी न वळता मागच्या गल्लीकडे वळला.

आजोबांच्या छापखान्यात नुसत्या रिकाम्या मांडण्या आणि मधोमध ते काळं मशीन. बाइंडर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आजोबा, पैसे उद्या जमत नाहीत. तुम्ही भंगारवाल्याला देऊन टाका. माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको."

मी त्याला चिमटा काढला. असं कुणी पहिल्याच वाक्यात हत्यार टाकतं का! मग मीच सगळी कहाणी सांगितली, चिडून, हातवारे करून, आणि पुरावा म्हणून तो चेक आजोबांच्या हातात दिला.

आजोबांनी चष्मा लावला. चेक दिव्याखाली धरला, कडेवरून नख फिरवलं. मग टेबलाच्या खणातून काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या काढला आणि चेकचा एकेक कोपरा त्याला लावून बघितला. चारही कोपरे बघितले.

"कशानं कापलास?"

"सुरीनं."

"या अंगठ्यानं?"

"हो. चुकलंच माझं."

आजोबांनी चष्मा काढला. "आयुष्यभर या मशीनवर माणसं ठेवली मी. मशीन हाताशी असून एकालाही असा काटकोन आला नाही. आणि तू गोदामावर ट्रकचे नंबर लिहिणार?" त्यांनी आमच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावला आणि विकायचं नाही म्हणून सांगितलं. मग बाइंडरला म्हणाले, "उद्या टेम्पो आण. पैसे येतील तेव्हा येतील."

बाइंडर तिथल्या कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.  मी मात्र रडले, खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले.

शनिवारी मशीन आलं. जिन्याखाली ते शिरेना, तेव्हा माझी खुर्ची दाराबाहेर गेली. पहिलं पुस्तक कापलं तेव्हा त्यानं चाक फिरवलं, पातं उतरलं, आणि तो अंगठा माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "बघ, दुखला नाही!" पन्नाशीचा माणूस, पण मला तो सहा वर्षांचा दिसला.

नवा चेक मी त्याच्या हातात पडू दिला नाही. पदराखाली धरून नेला आणि पेटीत न टाकता थेट चार नंबरवर दिला. सहा दिवस लागले. रोज विचारायला जायचे, शेवटी ती मुलगी मला लांबूनच बघून ओरडली, "ताई, वटला!"

त्याच दिवशी आजोबा दुकानात आले. बाइंडरनं त्यांच्या नावाचा चेक लिहिला, फाडला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. आजोबांनी तो घेतला, सवयीनं कडेवरून नख फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खरबरीत आहे रे." त्यांनी मशीनकडे बघितलं. बाइंडरनं मशीनकडे बघितलं. त्याचा हात चाकावर गेलासुद्धा होता.

"खबरदार!" म्हणत मी चेक ओढून घेतला आणि आजोबांना दंडाला धरून तशीच बँकेत घेऊन गेले.