सदरच्या दुकानातली स्पीकरची जोडी

ऐंशीच्या दशकात सदर नावाच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मी दिवाणखान्यासाठी स्पीकर घ्यायला गेलो होतो. एक उंच, वयस्क गृहस्थ आधीच तिथे बसले होते. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात यंत्रांजवळ नोकरी करून त्यांचा डावा कान पार गेला होता, हे त्यांनीच दुकानदाराला सांगितलं. नवी जोडी वाजली की ते मान वळवून उजवा कान पुढे करत आणि डोळे मिटून ऐकत.

अखेर एक जोडी पसंत पडली. दुकानदार म्हणाला, "काका, दोन्ही डबे खुर्चीच्या उजवीकडे ठेवा. तुमाले नीट ऐकू येईन."

"तिकडे नाही जमत गा. तिकडे बायको बसते. डबे तिथं वाजले तं तिचं बोलणं मले कसं ऐकू येईन?"

"मंग गाणे?"

"गाण्याचा शौक तिले हाये. तिच्यासाठीच घेऊन राहिलो. मले तिचं बोलणं ऐकू आलं, बस झालं."

दोन्ही खोकी उचलून ते बसथांब्याकडे निघाले.

दुकानदाराने मला खोलीबद्दल विचारलं. मी भिंतींची मापं घेऊन आलो होतो. आमच्या घरात कोण कुठे बसतं, ते मात्र मला आठवावं लागलं.