बाबांच्या नावाचा फोन

बाबा गेले तरी त्यांचा मोबाइल आम्ही चालू ठेवला, कारण गॅसचा नंबर त्याच्यावरूनच लागतो. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचा. घरात रेंज तेवढीच. रोज दुपारी बाराच्या सुमारास एका खतवाल्या कंपनीचा फोन यायचा. एक मुलगी बाबांचं पूर्ण नाव घेऊन, मागे 'जी' लावून, आहेत का म्हणून विचारायची. आई ऐकायची, फोन ठेवायची आणि बराच वेळ तिथेच बसून राहायची. ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ते वारले, असं मी चारदा सांगितलं. दर वेळी सॉरी, आणि दुसऱ्या दिवशी फोन हजर. ब्लॉक करावं तर रोज नवा नंबर. मग बाबांना बोलावतो म्हणून मी फोन खिडकीखालच्या चालू पिठाच्या चक्कीवर ठेवायचो आणि निवांत जेवायला बसायचो. तिला काही फरक पडेना. शेवटी मोठी ऑर्डर द्यायची आहे असं गोड बोलून तिच्याकडून साहेबाचा नंबर काढला आणि रिसोडकडच्या शेतकऱ्यांच्या तीन ग्रुपवर टाकला: दुभती म्हैस, दोन वेळचं चौदा लिटर, स्वस्तात देणे आहे.

चार दिवसांत साहेब रडकुंडीला आला. तेव्हा मीच फोन लावून सांगितलं की म्हैस माझी आहे. बाबांचा नंबर त्याने त्याच दिवशी यादीतून काढला. ग्रुपवर म्हैस विकली एवढं टाकायला मात्र मी मुद्दाम आणखी आठ दिवस लावले. त्या आठवड्यात मला जेवण फार गोड लागलं.

पंधरा दिवसांनी आई खिडकीशी तो मोबाइल पदराने पुसत बसली होती.

"त्या पोरीचा फोन काहून नाई येऊन राह्यला रे?"

मी फुशारकीने सगळं सांगितलं, म्हशीसकट. ती हसली नाही.

"म्या तं जलमात त्याईचं नाव घेतलं नाई. तुमी सारे बाबा म्हन्ता. थे एकच पोरगी होती, पुरं नाव घेनारी."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिथूनच साहेबाला फोन लावला. माझा नंबर ब्लॉक, बाबांचाही ब्लॉक. बायकोच्या मोबाइलवरून लागला, पण माझा आवाज ऐकताच त्याने कापला.

"लागला का?" आईने विचारलं.

"बिझी हाय," मी म्हणालो.

"मंग उद्या लाव."