उपरकोटच्या पायऱ्यांवर

त्या वर्षी माझा देवावर राग होता, आणि तो मी लपवतही नव्हतो. वीस वर्षं मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात कापड तपासायचं काम केलं. टेबलावर तागा उलगडायचा आणि तुटलेला धागा, तेलाचा डाग नजरेनं टिपायचा. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं शेठ चार लोकांत सांगायचे. मग चुका सुटू लागल्या. ताग्याची कड दिसेनाशी झाली. चालताना उंबरे, माणसं, रिक्षा अंगावर आल्यावरच कळायच्या. रंजना, माझी बायको, सारखी म्हणायची, "अवो, डोळं दाखवून या एकदा." मी दत्ताचा भक्त. लहानपणापासून गुरुवार पाळलेला. तिला म्हटलं, महाराज बघून घेतील. दोन वर्षं मी रोज सकाळी पादुकांचं तीर्थ डोळ्यांना लावत राहिलो, आणि याला श्रद्धा म्हणत राहिलो.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डावा डोळा जवळजवळ गेला होता आणि उजव्यात मधोमध नजरेची एक चीर उरली होती. काचबिंदू. "गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर." पुढचं मी ऐकलंच नाही. घरी येऊन दत्ताची तसबीर भिंतीवरून काढली आणि कपाटावर पालथी ठेवली. रंजनानं ती उचलली नाही. ते मला जास्त टोचायचं.

सहल माझ्या मेहुण्यानं, वसंतनं ठरवली. तो पडघ्याचा, स्वतःची सुमो चालवायचा. म्हणाला, "दाजी, नजर हाय तवर गीरचे सिंह बघून घ्या. जुनागडचा किल्लाबी बघू." रंजनाच्या मनात जुनागडच्या पलीकडचा गिरनार होता, दत्तमहाराजांचं ठाणं. मी निघतानाच बजावलं, सिंह दाखवा, किल्ला दाखवा, देवाच्या दारात मला नेऊ नका. मागच्या सीटवर आमची सविता, तेव्हा कॉलेजात होती. सगळ्या गुजरातभर ती मला खिडकीबाहेरचं सांगत होती, "बाबा, उंट बघा, बाबा, मोर." मी एकदा तिच्यावर खेकसलो, "मी आंधळा झालो न्हाय अजून." तिनं खिडकीची काच वर केली.

गीरच्या जंगलात जीप थांबली. सगळे एकदम स्तब्ध झाले. वाटाड्यानं बोट दाखवलं. सुकलेल्या गवतात, सागाच्या झाडाखाली सिंहीण आणि तिची दोन पिल्लं बसली होती, असं नंतर कळलं. मी माझी ती चीर इकडून तिकडे फिरवत राहिलो. गवत दिसलं, खोड दिसलं, पुन्हा गवत. सविता कुजबुजली, "दिसली का?" मी म्हटलं, "दिसली की." पण मी भलत्याच दिशेला बघत होतो, आणि ते तिला कळलं. तिनं मान फिरवली. परतताना वसंत पिल्लांबद्दल बोलत होता आणि मी हं हं करत होतो. इतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुनागडच्या उपरकोट किल्ल्यावर गेलो. वसंत आणि सविता तोफा बघत होते. तिथं खडक कापून केलेली एक जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिथले लोक तिला वाव म्हणतात. सरळ खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंच भिंती. रंजना म्हणाली, "थांबा, मी हात धरते." मी तिचा हात झटकला, ती तोफांकडं वळली, आणि मी एकटाच उतरू लागलो. वर लख्ख ऊन आणि खाली सावली, त्यात पायऱ्यांच्या कडा कधी एकमेकींत मिसळल्या ते कळलं नाही. पाय पोकळीत गेला. मी गुडघ्यांवर आपटलो. एक चप्पल निसटून खाली खाली आपटत गेली, आणि तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. उठायला गेलो तर वर कुठं, खाली कुठं, समजेना. हाक मारायची लाज वाटत होती.

तेवढ्यात शेजारी कोणी तरी उभं राहिलं. "हाथ आपो, भाई," एका म्हातारीचा आवाज, हात मागणारा. मी म्हटलं, "मैं जाता. दिखता है मेरेको." ती जराही रागावली नाही. "देखाय छे तो चालो," म्हणाली, दिसतंय तर चाला. मी पाय उचलला आणि पुन्हा तोल गेला. तिनं दंड पकडून सावरलं, आणि त्याच शांत आवाजात पुन्हा म्हणाली, "हाथ आपो."

मी हात दिला. माझ्या चिरेत फक्त तिचं मनगट आलं, सुरकुतलेलं, हिरव्या गोंदणाचं. ती एकेक पायरी थांबत मला वर नेत होती. आणि मला रडू आलं. मी ज्याला देवावर सोडणं म्हणत होतो, तो माझा हट्ट होता. देव दोन वर्षं बायकोच्या तोंडून सांगत होता, डोळे दाखव. मी पायऱ्या दिसत नसतानाही दिसतात म्हणणारा माणूस होतो.

वर रंजना येऊन उभी होती. म्हातारीनं माझा हात तिच्या हातात ठेवला. वसंत पाणी घेऊन आला तोवर ती निघून गेली होती. रंजना म्हणते, ते महाराजच होते. मी त्यावर वाद घालत नाही. किल्ल्यावर माणसं येत-जात असतात.

संध्याकाळी मीच म्हटलं, गिरनारच्या पायथ्याला जाऊ. चढायची ताकद नव्हती, पहिल्या पायरीवर डोकं ठेवलं. तिथं रंजनाला म्हणालो, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं न्हाय." ती म्हणाली, "आता बोलून काय उपयोग हाय?" तिचं खरं होतं. त्या दिवशी तिनं मला माफ केलं नाही, अजून पूर्ण केलंय असंही वाटत नाही.

आता उजवा डोळाही गेला आहे. हे सविता लिहून घेते आहे. कडवटपणा सगळा गेला असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. काही सकाळी तो माझ्या आधी उठतो. पण रस्ता ओलांडायचा असला की मी थांबतो आणि हात पुढं करतो. कोणाचा हात येईल ते माहीत नसतं. आजवर तो रिकामा राहिलेला नाही, आणि प्रत्येक वेळी पलीकडे पोचल्यावर मी त्या माणसाला आणि महाराजांना एकदमच नमस्कार करतो.